सोमवारच्या सह्या

आमच्या घरात मला 'वकील' म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. "वकील जेवली का?" "वकिलाला काही विचारू नका हो, दोन तास उत्तर देईल." आजोबा निवडून यायचे. अप्पा, म्हणजे माझे वडील, लागोपाठ सहा वेळा आले. माझा मोठा भाऊ, दादा, एकदा उभा राहिला आणि असा काही आपटला की त्या वर्षाचं नावसुद्धा त्याच्यासमोर काढायची सोय नाही. मग उरले मी. पस्तिशीची, कोर्टात बऱ्यापैकी जम बसलेली, तोंडाने फटकळ, आणि पाच मिनिटं एका जागी न टिकणारी. अप्पांनी एका सकाळी पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाले, "यंदा तू." एवढंच. घर विकत घेताना लोक यापेक्षा जास्त बोलतात.

तर यंदा मी, पुढच्या वेळी मी, त्याच्या पुढच्या वेळीही मीच. पण कोर्ट सोडलं नाही. सकाळी काळा कोट, दुपारी सभागृह, संध्याकाळी लोकांची गाऱ्हाणी. दोन्हीकडे लोक म्हणायचे, बाई आल्या नाहीत तोच निघाल्या. खरंच होतं ते. माझी गाडी कधी पुरती बंदच व्हायची नाही, ड्रायव्हर इंजिन चालू ठेवूनच बसायचा.

कोर्टात माझा एक लौकिक होता. कागदांची कटकटी बाई. समोरच्याने दिलेला कागद मी उलटा-सुलटा, आडवा-तिडवा, मागचा शिक्कासुद्धा वाचायचे. तारखेचा एक आकडा खाडाखोड केलेला दिसला की मी उठलेच. कारकून मला जिन्यात बघून म्हणायचे, "आल्या, फाइली नीट लावा." पक्षकारांना तर दम भरूनच ठेवलेला असायचा. कोऱ्या कागदावर सही केलीत तर माझ्याकडे पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

आणि दर सोमवारी सकाळी नऊ वाजता मी काय करायचे? आमच्या घराच्या तळमजल्यावरच्या कचेरीत उभ्या उभ्या पन्नास कोऱ्या लेटरहेडवर सह्या करायचे. वर माझं नाव, पद, पत्ता छापलेला. खाली माझी सही. मध्ये काही नाही. आठवडाभर दादा आणि आमचे टायपिस्टकाका लागेल तसा मजकूर भरायचे. कोणाला शाळेत प्रवेश, कोणाला दवाखान्यात खाट, कोणाची बदली. ही पद्धत अप्पांची. पहिल्या सोमवारी त्यांनी मला समजावलं होतं, "तू सभागृहात असशील, कोर्टात असशील. दारात आलेल्या माणसाचं पोर तापाने फणफणलेलं असेल. त्याने तुझ्या सहीसाठी ताटकळायचं का? सही घरात तयार हवी." मला ते इतकं पटलं की डोळे भरून आले होते. पंधरा वर्षं मी तशा सह्या केल्या. फोनवर बोलत केल्या, एका हाताने केस विंचरत केल्या. घरात वकील होते ना मी! पण त्या टेबलाशी आले की वकिली जिन्यावरच राहायची.

मग सिस्टर आली.

नगर दवाखान्यातली परिचारिका. बावीस वर्षं नोकरी. सगळा दवाखाना तिला सिस्टरच म्हणायचा, मीही तेच म्हणते. पन्नाशीची, बारीक चणीची, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात. तिला औषधांच्या कपाटात मुदत संपलेली इंजेक्शनं सापडली होती. जुन्या तारखेवर नव्या तारखेच्या पट्ट्या चिकटवलेली. तिने नखाने एक पट्टी सोलून बघितली, मग दुसरी, मग अख्खा खोका. दवाखान्याच्या मंडळाला तिने तीन पत्रं लिहिली. चौथं पत्र मंडळाने तिला लिहिलं. रुग्णांशी उर्मट वागणूक, नागरिकांच्या तक्रारी, सबब सेवा समाप्त.

"मी उर्मट आहे," सिस्टर म्हणाली, "सुई टोचताना कोणी हात हलवला तर मी ओरडते. पण ते बावीस वर्षं ओरडते आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथल्या तिथे वकीलपत्र घेतलं. "सिस्टर, तुमची नोकरी तुम्हाला परत मिळवून दिली नाही तर नावाची वकील नाही," असं काहीतरी बोलले. मला असं बोलायची खोड आहे. निवडणुकांमुळे वाढली असेल.

पहिल्या तारखेला मी कोर्टात असा आवाज काढला की शेजारच्या दालनातून शिपाई बघायला आला. कोणते नागरिक? कुठल्या तक्रारी? दाखवा! मंडळाचा वकील उभा राहिला. त्याला आम्ही साखरवकील म्हणतो, कारण माणसाचा गळा कापतानासुद्धा तो 'माझ्या विद्वान भगिनी' म्हणूनच कापतो. तो नम्रपणे म्हणाला, "दाखवू ना. पुढच्या तारखेला सगळं दाखल करू."

त्याने केलं दाखल. जाडजूड गठ्ठा माझ्या चेंबरमध्ये आला. मी नेहमीप्रमाणे फेऱ्या मारत वाचत होते, खिडकीपासून कपाटापर्यंत आणि परत. एक, दोन, तीन, सगळा फालतू पालापाचोळा. कोणा एकाची सही नसलेली चिठ्ठी, मंडळाचा स्वतःचाच ठराव. मी मनात साखरवकिलाची कीव करत होते. सातव्या कागदाला मी थांबले.

माझं लेटरहेड. "सदर परिचारिकेविषयी माझ्या मतदारसंघातील नागरिकांच्या गंभीर तक्रारी असून तिला तत्काळ सेवेतून दूर करावे, अशी माझी आग्रही शिफारस आहे." खाली माझी सही, शेपटी वर गेलेली.

बनावट! पहिला विचार हाच. मग मी तो कागद उजेडात धरला आणि वकिलाच्या नजरेने बघितला, तेव्हा कळलं. मजकूर आणि सही यांच्यामध्ये चार बोटं मोकळी जागा. मजकूर वर आखडून बसलेला, सही खाली एकटी. असा कागद दुसऱ्या कोणाचा असता तर मी कोर्टात नाचले असते. सांगितलं असतं, साहेब, सही आधी झाली आहे आणि मजकूर नंतर आला आहे. चेंबरमध्ये कोणी नव्हतं, तरी मी दार लावून घेतलं.

तशीच घरी गेले. तळमजल्यावर दादा फोनवर हसत होता आणि टायपिस्टकाका कोपऱ्यात टंकत होते. मी कागद दादाच्या पुढ्यात टाकला.

"हे काय आहे?"

दादाने फोन ठेवला, चष्मा लावला, वाचलं. त्याला आठवायला वेळ लागला नाही, याचाच मला जास्त राग आला.

"अगं, मंडळाच्या अध्यक्षाने मागितलं होतं. म्हणाला, एक नर्स फार डोकं खाते. आणि पक्षाच्या निवड समितीत त्याचा मेहुणा आहे, विसरलीस का? शुक्रवारी उमेदवारांची यादी लागते आहे."

"तू एका बाईची नोकरी खाल्लीस!"

"मला काय स्वप्न पडलं होतं ती तुझी पक्षकार होणार म्हणून? तेव्हा ती कोणाचीच नव्हती."

हे तो अगदी साधेपणाने म्हणाला. दादा दुष्ट नाही हो. दुष्ट असता तर बरं झालं असतं. शेजाऱ्याचं कुत्रं आजारी पडलं तरी रात्रंदिवस धावपळ करेल असा माणूस. पण 'कोणाचीच नसलेली' माणसं त्याला दिसतच नाहीत, आणि ही नजर त्याला कोणी दिली याचा विचार करायचीही मला भीती वाटत होती.

"सोपं आहे," दादा म्हणाला, "वकीलपत्र काढून घे. तब्येतीचं कारण सांग. तिला दुसरा वकील बघून देऊ."

"आणि हा कागद?"

"कागद आहे तिथे राहील. नाहीतर म्हण, बनावट आहे. कचेरीत कोणीतरी परस्पर केलं."

कोपऱ्यातल्या टंकलेखनाचा आवाज थांबला. कचेरीत 'कोणीतरी' म्हणजे एकच माणूस होता, आणि तो अप्पांच्या काळापासून तिथे बसत होता. काकांनी वर बघितलं नाही. रुमालाने चष्मा पुसला, परत लावला, आणि पुन्हा टंकायला लागले. पण एकेक अक्षर, फार हळू.

"लाज वाटू दे," मी दादाला म्हटलं.

"लाज शनिवारपासून," तो म्हणाला. "शुक्रवारपर्यंत परवडत नाही."

सिस्टरला सांगायला मी तिच्या घरी गेले. दोन खोल्या, दोरीवर वाळत घातलेला पांढरा गणवेश. नोकरी जाऊन आठ महिने झाले होते, तरी ती तो दर आठवड्याला धुऊन इस्त्री करत होती. "कपड्याला वास लागतो," म्हणाली. मी कागद तिच्या हातात दिला आणि उभीच राहिले. तिने वाचला. वर माझं नाव वाचलं, खाली सही बघितली, पुन्हा वरचं नाव वाचलं.

"सही तुमची?"

"माझी."

"लिहिलं तुम्ही नाही."

"नाही."

"मग वाचलं नव्हतं?"

"वाचायला तेव्हा काही नव्हतंच, सिस्टर. कागद कोरा होता."

ती ओरडली असती तर मला सोसलं असतं. मला ओरडणाऱ्यांची सवय आहे. ती म्हणाली, "बाई, मी साधी तापाची गोळी देताना पाकिटावरचं नाव दोनदा वाचते. एकदा काढताना, एकदा देताना. सोळा तास पायावर उभी असले तरी."

मला रडू आलं. खिडकीकडे तोंड करून मी ते गिळलं आणि मग वकिलासारखं बोलायला लागले, कारण दुसरं काही जमेना. म्हटलं, हा कागद खोटा पाडायचा तर कोणीतरी पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर सांगायला हवं की सही कोऱ्या कागदावर झाली. ते मीच सांगू शकते. पण एकाच खटल्यात वकील आणि साक्षीदार दोन्ही होता येत नाही. मला वकीलपत्र सोडावं लागेल.

"मग सोडा की," सिस्टर म्हणाली. "वकील काय, दुसरा मिळेल. साक्षीदार कुठून आणू?"

माझ्या समोरच्या चेंबरमध्ये एक वकीलबाई बसते. आवाजामुळे तिला सगळे करवत म्हणतात. वीस वर्षं आम्ही एकमेकींना पाण्यात बघत आलो. तिच्याकडे मी सिस्टरची फाइल घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. मग फाइल ओढून घेतली. "बुधवारी तुला पिंजऱ्यात उभी करते," म्हणाली, "या दिवसासाठी मी फुकट काम करायला तयार आहे."

बुधवारी साक्ष, शुक्रवारी यादी. मधल्या दिवसांत मी घरात जेवायला बसले नाही. ताट हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत. अप्पांना सांगायला हवं होतं. ते वरच्या मजल्यावर असायचे, त्र्याऐंशी वर्षांचे, पाय सुजलेले, डोकं मात्र लख्ख. मी तीन वेळा अर्धा जिना चढले आणि तीन वेळा खाली आले. पन्नाशी उलटलेली बाई मी, भर सभागृहात मंत्र्यांना फैलावर घेतलेली. पण अप्पांसमोर 'आपल्या घरात चूक आहे' हे म्हणायची माझी छाती होईना.

सांगावं लागलंच नाही. बुधवारी कोर्टाच्या दालनात शिरले तर शेवटच्या बाकावर अप्पा बसलेले. शेजारी दादा. हे दादाचंच काम. बापाला समोर बसवलं की पोरीची वाचा बसेल असा त्याचा हिशोब, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. मी पिंजऱ्यात चढले.

त्या पिंजऱ्यात मी कधी उभी राहिले नव्हते. शेकडो माणसांना तिथे घाम फोडला, पण तो कठडा इतका अरुंद असतो हे ठाऊक नव्हतं. फेऱ्या मारायला जागाच नाही. दोन पावलंसुद्धा नाहीत.

करवतने सरळ विचारलं, मी सरळ सांगितलं. सही माझी, मजकूर माझा नाही, सही केली तेव्हा कागद कोरा होता, मला या बाईविषयी एकाही नागरिकाने कधी तक्रार केलेली नाही. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. दोन वार्ताहर होते, त्यातला एक लिहायचं सोडून माझ्याकडे बघत बसला.

मग साखरवकील उठला.

"माझ्या विद्वान भगिनी, आज साक्षीदार म्हणून आपल्याला भेटताना फार वाईट वाटतं."

"वाटू द्या. विचारा."

"अशा कोऱ्या सह्या किती काळ करत आहात?"

"पंधरा वर्षं."

"आपला एखादा पक्षकार कोऱ्या कागदावर सही करून आला तर आपण काय करता?"

"हाकलून देते."

दालनात हशा पिकला. न्यायाधीशांनी नुसती मान वर केली आणि तो थांबला.

"मग स्वतः का केल्या? आपल्यासारख्या बारकाईने वाचणाऱ्या बाईंनी पंधरा वर्षं न वाचता सह्या केल्या, हे कोर्टाने खरं मानायचं? की आज शिफारस अंगाशी आली म्हणून ही गोष्ट रचली आहे?"

तो मला खोटं पाडत होता. मी खोटी पडले तर तो कागद खरा ठरत होता, आणि सिस्टर घरी बसत होती. ती पहिल्या बाकावर होती, पिशवीवर दोन्ही हात. मी तिच्याकडे बघितलं आणि मला एकच उत्तर दिसलं, जे कोणालाही पटलं असतं.

"आमच्या घराची ती पद्धत आहे," मी म्हणाले. "माझ्या वडिलांनी मला शिकवली. तेही अशाच कोऱ्या कागदांवर सह्या करायचे."

न्यायाधीशांनी विचारलं, "आणि मजकूर न वाचता पत्रं बाहेर जायची?"

"हो साहेब. न वाचता."

"वडिलांच्या वेळीसुद्धा?"

"त्यांच्याही वेळी."

खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटलं. पंधरा वर्षांचं ओझं एका वाक्यात दोघांमध्ये वाटलं गेलं. अप्पांकडे बघितलं तर ते ताठ बसले होते. डोळ्याची पापणीही लवली नाही. दादाचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. साखरवकील आणखी दोन-चार प्रश्न विचारून खाली बसला. त्यालाही कळलं होतं, हे कोणी रचून सांगत नाही.

न्यायाधीशांनी अर्धा तास काम थांबवलं. साक्ष टंकून होईल, मी ती वाचून सही करायची, मग ते लगेच आदेश देणार होते.

बाहेर लांबलचक व्हरांडा. दादा मला ओलांडून निघून गेला, फोन कानाला. जाता जाता एवढंच म्हणाला, "अजून बघतो. 'घराण्याची जुनी पद्धत आहे, सगळीकडेच चालते' असं म्हणून समितीची समजूत काढता येईल. पण आता यापुढे एक शब्द बोलू नकोस." सिस्टर लांब एका खांबाशी उभी होती. अप्पा बाकावर बसले होते. मी त्यांच्यासमोर येरझाऱ्या घालायला लागले.

"अप्पा, बोला. रागवा तरी."

"रागावून काय करू?"

"मला सांगावंच लागलं. तिची नोकरी होती. मी खोटं नाही बोलले."

अप्पांनी सुजलेला पाय जरा सरळ केला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मी वाचायचो."

"काय?"

"प्रती. प्रत्येक पत्राची कार्बन प्रत टायपिस्ट ठेवायचा. मी रोज त्या सगळ्या वाचायचो. कितीही दमलो तरी. एखादं पत्र जायला नको होतं असं वाटलं, की दुसऱ्या दिवशी परत मागवायचो. एकदा एका अधिकाऱ्याच्या दारात तासभर उभा होतो, कागद परत घ्यायला. त्याने मुद्दाम उभं केलं होतं."

माझे पाय थांबले. व्हरांड्यातून माणसं येत-जात होती, कोणीतरी मला नमस्कार केला, मी केला की नाही ते आठवत नाही.

"तुम्ही मला हे कधीच सांगितलं नाहीत, अप्पा."

"सह्यांचं सांगितलं." ते थांबले. "बाकीचं सांगायला हवं, हे डोक्यातच आलं नाही. वाटलं, तू वकील आहेस. वाचत असशीलच."

आयुष्यात मला कोणी कानाखाली मारलेली नाही. पण मारल्यावर काय वाटत असेल ते तेव्हा कळलं. माझ्याविषयी माझ्या बापाने काढलेलं ते सगळ्यात चांगलं मत होतं, आणि ते मला आत्ता, सगळं संपल्यावर कळत होतं. भरल्या कोर्टात, शपथेवर, मी त्यांच्या तीस वर्षांवर शाई ओतून आले होते. तेही नुसत्या अंदाजाने. विचारलंसुद्धा नाही.

"मग आत का नाही उठलात? का नाही ओरडलात, हे खोटं आहे म्हणून?"

"उठलो असतो तर तू खोटी पडली असतीस, आणि त्या नर्सबाई गेल्या असत्या." त्यांनी खांबाकडे बोट केलं. "शिवाय दोष दोघांत वाटला गेला तर तुला कमी लागेल. राहू दे तसंच. मला काय आता निवडणूक लढवायची आहे? माझं नाव खराब झालं तर कोणाचं काय जातं? तुझी यादी परवा आहे."

दालनाच्या दारातून कारकुनाने हाक मारली. "साक्षीदार बाई, सहीला या."

आत जाईपर्यंतची ती वीस पावलं मी आजही मोजून दाखवू शकते. दर पावलाला एक नवा युक्तिवाद डोक्यात. अप्पांनी स्वतः सांगितलं आहे, राहू दे. सिस्टरचा निकाल काही त्या वाक्यावर अडलेला नाही. पद्धत घराण्याची म्हटली तर दादा यादी सांभाळेल, आणि मी निवडून आले तर दवाखान्याची ती कपाटं स्वतः उघडायला लावीन, सिस्टरसारख्या आणखी दहा जणींचं भलं करीन. मी किती चांगली वकील आहे! कोणत्याही बाजूने उभी राहू शकते.

कारकुनाने तीन पानं पुढे ठेवली आणि पेन दिलं. मी वाचायला लागले. दुसऱ्या पानावर ते होतं. 'माझे वडीलही मजकूर न वाचता पत्रे देत असत.' छापील अक्षरात ते किती खरं दिसत होतं. हे पान फाइलला लागणार, उद्या पेपरात येणार, आणि अप्पा गेल्यानंतरही कुठल्यातरी कपाटात राहणार.

"साहेब," मी म्हणाले, "दुसऱ्या पानावर एक वाक्य चुकलं आहे."

"टंकलेखकाची चूक?"

"नाही. माझी. मी माहिती नसताना बोलले. माझे वडील प्रत्येक पत्राची प्रत वाचत असत आणि चुकीचं पत्र परत मागवत असत. वाचत नव्हते ती मी."

साखरवकील अर्धवट उठला. यावेळी त्याच्या बोलण्यात साखर नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. "म्हणजे ही घराण्याची पद्धत नव्हे? आपली एकटीची?"

"एकटीची."

"बाई," न्यायाधीश म्हणाले, "बाहेर पत्रकार उभे आहेत. या दुरुस्तीचा अर्थ काय होतो ते तुमच्या लक्षात आहे ना? ही दुरुस्ती केली नाही तरी माझा आदेश बदलणार नाही."

"लक्षात आहे साहेब. पण खोटं आहे ते. काढा."

त्यांनी स्वतःच्या हाताने ते वाक्य खोडलं, वर नवं लिहिलं, आणि मी बाजूला छोटी सही केली, मग शेवटी पूर्ण. दहा मिनिटांत आदेश झाला. ते पत्र विचारात घेतलं नाही, मंडळाकडे दुसरं काही नव्हतं, सेवासमाप्ती रद्द, येत्या सोमवारी सकाळी सिस्टरला कामावर घ्यायचं. करवतने माझ्याकडे बघून मान हलवली. सिस्टरने पदराने तोंड झाकलं, आणि मग कारकुनाला पहिला प्रश्न विचारला तो, "सोमवारी कोणत्या पाळीला यायचं?"

मी बाहेर आले तेव्हा दादाला कोणीतरी आधीच सांगितलं होतं. व्हरांड्याच्या टोकाला तो फोन हातात घेऊन उभा होता, कानाला नाही. माझ्याकडे बघितलं आणि पाठ फिरवली. यादीत मी नव्हते, हे कळायला शुक्रवार उजाडायची गरज उरली नव्हती.

अप्पा बाकावरच होते. "झाली सही?"

"झाली."

"ठेवलंस ना तसंच?"

"नाही. बदललं. तुम्ही वाचायचात, असं लिहिलं. मी वाचत नव्हते, असं लिहिलं."

"मूर्ख!" ते एवढ्या जोरात ओरडले की दोन वकील वळून बघायला लागले. "तुला कोणी सांगितलं होतं मला वाचवायला?"

आणि ते रडायला लागले. आजी गेली तेव्हा नाही, आई गेली तेव्हा नाही, दादा हरला त्या रात्री तर त्यांनीच सगळ्यांना धीर दिला होता. आता कोर्टाच्या बाकावर, लोकांच्या देखत, त्र्याऐंशीचा माणूस लहान मुलासारखा रडत होता. मीही रडले. रुमाल दोघांकडेही नव्हता.

"अप्पा, तुम्ही मला विचारायचं होतं," मी म्हणाले. "एकदा तरी. वाचतेस का म्हणून."

"हो," ते म्हणाले. "विचारायला हवं होतं."